दुष्काळाच्या पोटी जन्मलेला लठ्ठपणा

१/
२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रासंबंधीचे दोन आकडे एकाखाली एक छापलेले आहेत. १५ ते ४९ वयोगटातील २०.८ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी भरले आणि २३.४ टक्के स्त्रियांचे जास्त. म्हणजे दर पाच जणींमागे एक कृश आणि दर चौघींमागे जवळजवळ एक स्थूल. पहिला आकडा उपासमारीचा आणि दुसरा सुबत्तेचा, असे आपण सहज समजतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. हे दोन्ही आकडे एकाच दीर्घ कथेचे भाग आहेत आणि ती कथा दख्खनच्या दुष्काळांपासून सुरू होते. #धागा

२/
प्रथम भाषेकडे पाहू. ‘खात्यापित्या घरचा’, ‘अंगाने भरलेली’, ‘बाळसे धरलेले’, ‘गुटगुटीत’ हे सारे मराठीत कौतुकाचे शब्द. ‘वाळली’, ‘सुकली’, ‘हाडांचा सापळा झाला’ हे काळजीचे. चरकसंहितेतील ‘अष्टौनिंदितीय’ अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन्ही देह निंद्य ठरवले आहेत आणि दोहोंत कृश बरा, असा निर्वाळाही दिला आहे. पण हे ग्रंथातले मत झाले. ज्या मुलखात दर काही वर्षांनी पाऊस पाठ फिरवतो, तिथल्या घराला भरलेले अंग हे सुदैवाचे लक्षण वाटणारच. लठ्ठपणाला रोग म्हणण्याची सवय या समाजाला कधी नव्हती, कारण तशी वेळच फारशी आली नव्हती.

३/
१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस हुकला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, विजापूर, धारवाड या पट्ट्यात पिके करपली. दुष्काळ मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थानातही पसरला. १८७८ पर्यंत चाललेल्या या आपत्तीत किमान ५० लाखांहून अधिक माणसे दगावली, असे अंदाज आहेत. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल याला खास प्रतिनिधी म्हणून पाठवले. हाच टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला.

४/
टेंपलपुढचा प्रश्न साधा होता: दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला जगण्यापुरते किती अन्न लागते? त्याने ठरवलेली मजुरी इतिहासात त्याच्याच नावाने ओळखली जाते. प्रौढ पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्याइतकी रक्कम आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. या हिशेबामागे एक संशयही होता. मजुरी सैल ठेवली तर गरज नसलेले लोकही कामावर येऊन बसतील, सरकारी पैशावर आळस पोसला जाईल, असा तो संशय. ‘आळस’ हा शब्द लक्षात ठेवावा. तो या धाग्याच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

५/
या मजुरीला पहिला शास्त्रीय विरोध मद्रासचा सॅनिटरी कमिशनर डॉ. डब्ल्यू. आर. कॉर्निश याने केला. कष्टाचे काम करणाऱ्या शरीराला किमान दीड पौंड धान्य हवे, शिवाय डाळ आणि भाजीही हवी, असे त्याचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात मजुरांनी स्वतःच विरोध केला. कमी दरावर दूरच्या कामांवर जाण्यास नकार देऊन हजारो लोक काम सोडून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून ती निवेदनांच्या रूपाने सरकारपुढे मांडली. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेचे प्रमुख कार्यकर्ते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’. भारतात आहाराच्या प्रमाणावर झालेला हा पहिल्या मोठ्या सार्वजनिक वादांपैकी एक.

६/
या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि त्यातून ‘फॅमिन कोड’ म्हणजे दुष्काळ संहिता तयार झाली. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून याच संहितेतील हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगितले. संहितेने राज्यसंस्थेवर एक जबाबदारी टाकली, हे खरेच. पण ती जबाबदारी प्रजेला मरू न देण्याची होती, पोसण्याची नव्हती. या दोन क्रियापदांमधले अंतर फार मोठे आहे. दुष्काळ सरल्यावर जिवंत राहिलेली बाई किती अशक्त आहे आणि पुढच्या वर्षी तिला होणारे मूल कसे असेल, हा प्रश्न कोणत्याही सरकारी तक्त्यात बसत नव्हता.

७/
विसाव्या शतकात आहारशास्त्र आले. दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन आणि त्यानंतर वॉलेस एक्रॉइड यांनी भारतीय आहाराचे पृथक्करण केले. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांच्या पुस्तिकेने पुढील कित्येक दशकांचा पाया घातला. उष्मांक, प्रथिने, जीवनसत्त्वे यांची भाषा सरकारी कागदांत शिरली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने ती भाषा अधिकच निकडीची केली. या शास्त्राचे लक्ष मात्र एकाच दिशेला होते: काय कमी आहे? आणि त्या काळी हाच प्रश्न योग्य होता.

८/
आता १९७२. महाराष्ट्राच्या आजी-आजोबांच्या पिढीने हा दुष्काळ अंगावर काढला. शासनाने पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळपास ५० लाख माणसे राबत होती. कामावर मिळणारी ‘सुकडी’ आणि रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी, म्हणजे ‘मिलो’, यांची चव अनेकांच्या स्मरणात अजून आहे. १८७७ च्या तुलनेत फरक मोठा होता. माणसे कृश झाली, गुरे गेली, पण १८७७ सारखी प्रेतांची रांग लागली नाही.

९/
या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात उतरली. टेंपलच्या मजुरीनंतर बरोबर १०० वर्षांनी याच भूमीत कामाचा हक्क लिहिला गेला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील ही अभिमानाची गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र या यशाचा एक परिणाम असा झाला, की अन्नाचा प्रश्न म्हणजे उपाशी पोटाचा प्रश्न, ही समजूत शासनाच्या मनात पक्की बसली. १९७५ साली ३३ गटांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतही अंगणवाडीचा वजनकाटा कमी वजनाचे मूल शोधण्यासाठीच आला.

१०/
याच १९७२ साली आणखी दोन गोष्टी घडल्या. हैदराबादेत राष्ट्रीय पोषण देखरेख ब्यूरो स्थापन झाला आणि महाराष्ट्रासह निवडक राज्यांतील ग्रामीण आहाराची नियमित नोंद सुरू झाली. दुसरी घटना अमेरिकेतली. शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज याने एका शोधनिबंधात वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या अंकाला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. भागाकार जुना होता. बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले याने तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडला होता. कीजने त्याला नवे आयुष्य दिले.

११/
कीजने हा निर्देशांक ज्यांच्या शरीरांवर पारखला, ते अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतील पुरुष होते. त्यांत एकही स्त्री नव्हती आणि भारताचा समावेशच नव्हता. पुढे हाच बीएमआय जगभर लठ्ठपणाचे माप ठरला: २५ च्या पुढे वजन जास्त, ३० च्या पुढे लठ्ठ. माप सोपे आणि स्वस्त आहे, हे त्याचे बळ. पण काट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगात स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी मांडीवर आहे की पोटात, हे तो अंक सांगत नाही. दख्खनच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची ठरणार होती.

१२/
त्याआधी युरोपातील एका दुष्काळाकडे जावे लागेल. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा तोडला आणि अ‍ॅमस्टरडॅमसारख्या शहरांत उपासमार झाली. १९७६ साली संशोधकांनी सुमारे ३ लाख डच तरुणांच्या लष्करी भरतीच्या वेळच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या आयांनी गरोदरपणाच्या पहिल्या सहामाहीत उपासमार सोसली होती, त्या मुलांमध्ये वयाच्या १९ व्या वर्षी लठ्ठपणाचे प्रमाण जास्त आढळले. आईची भूक मुलाच्या चरबीत उतरू शकते, असे सुचवणारा हा पहिल्या ठळक पुराव्यांपैकी एक होता. तो दुष्काळ काही महिन्यांचा होता. दख्खनमधील अपुरे अन्न पिढ्यानपिढ्यांचे होते.

१३/
१९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाच्या रुग्णांचा अभ्यास करत होते. पाठ्यपुस्तकातील मधुमेही प्रौढ आणि लठ्ठ असतो. पुण्यातील रुग्ण मात्र वयाने तरुण होते आणि बीएमआयच्या हिशेबाने अनेक जण लठ्ठ नव्हतेच. हातपाय बारीक, पण पोट सुटलेले. काट्याला जो लठ्ठ दिसत नव्हता, त्याच्या रक्तात लठ्ठपणाचा रोग होता. हे कोडे दवाखान्यात सुटण्यासारखे नव्हते. त्याचे मूळ शोधायचे तर जन्मापर्यंत, किंबहुना जन्माच्याही आधी जावे लागणार होते.

१४/
१९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक मोठी पाहणी सुरू झाली. गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांची उंची, वजन, आहार आणि कामाची नोंद घेतली गेली. या शेतकरी घरांतील माता तरुण होत्या, सरासरी वय सुमारे २१. उंची सरासरी १५२ सेंटीमीटर आणि बीएमआय जेमतेम १८, म्हणजे कृशतेच्या रेषेखाली. गरोदरपणातही शेतातले आणि घरातले कष्ट चालूच. १८७७ च्या तक्त्यांत ज्या बाईला जागा नव्हती, तिची पणती इथे प्रथमच मोजली जात होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

१५/
२००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे जवळजवळ प्रत्येक मापात लहान होती. स्नायू कमी, पोटातील अवयवांची वाढ कमी. एक गोष्ट मात्र बरीचशी टिकून होती: खांद्याच्या पात्याखालच्या त्वचेतील चरबी. गर्भाने टंचाईत स्नायूंचा बळी देऊन मेद जपला होता. संशोधकांनी या बाळाला ‘कृश-स्थूल भारतीय बाळ’ असे म्हटले. वजन कमी म्हणून ज्याची नोंद कुपोषित अशी होईल, तेच बाळ चरबीच्या बाबतीत मागे नव्हते.

१६/
२००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आले. त्यात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही काट्याच्या दृष्टीने सडपातळ. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखले जाते. १९७२ च्या मापाची मर्यादा इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवली असेल.

१७/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १८७६ च्या दुष्काळाने २०२० चा लठ्ठपणा निर्माण केला, असे सरळ सूत्र मांडता येत नाही. दीडशे वर्षांची अशी साखळी कोणत्याही पाहणीने जोडून दाखवलेली नाही. दिशा दाखवणारे पुरावे मात्र आहेत. २०१५ साली आनंदवर्धन हार्डीकर आणि सहकाऱ्यांनी ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांवरील संशोधन प्रसिद्ध केले. या उंदरांत पोटातील चरबी आणि मधुमेहाची प्रवृत्ती वाढली होती. त्यांना पुढे दोन पिढ्या नेहमीचे अन्न दिले, तरी ती पूर्ववत झाली नाही. भूक संपली म्हणून शरीर ती लगेच विसरत नाही.

१८/
पण केवळ गर्भातल्या तयारीने माणूस लठ्ठ होत नाही. त्या तयारीला नवे ताट भेटावे लागते, आणि ते ताट महाराष्ट्रात टप्प्याटप्प्याने आले. १९३० च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घराघरांत गेले. स्वातंत्र्यानंतर प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे ऊस हे राज्याच्या राजकारणाचेच पीक झाले. रेशनवरच्या गहू-तांदळाने ज्वारी-बाजरीची भाकरी मागे सारली. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली होत गेली आणि तळण स्वस्त झाले. यातला प्रत्येक निर्णय आपापल्या जागी टंचाईवरचा उपाय होता.

१९/
मुंबईने याला स्वतःचा पदार्थ जोडला. वडापावचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर झाला, अशी प्रचलित समजूत आहे. गिरणी कामगाराला पाळी सुटल्यावर उभ्याने, चार पैशांत पोट भरेल असे काही हवे होते. बटाटा, बेसन, तेल आणि मैदा यांनी ते दिले. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. मागावर आठ तास उभे राहणारे शरीर पुढे पहारेकऱ्याच्या खुर्चीत, रिक्षात, दुकानाच्या गल्ल्यावर बसले. कष्ट गेले, वडापाव राहिला. स्वस्त उष्मांक ही एकेकाळची गरज होती. त्या उष्मांकांना जाळणारे कामच नाहीसे झाले.

२०/
आणि शासन काय मोजत होते? १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुलांचे वजन-उंची घेतली गेली, त्यांच्या आयांची नाही. स्त्रियांची मोजमापे १९९८-९९ च्या दुसऱ्या पाहणीत आली, पुरुषांची २००५-०६ च्या तिसऱ्या पाहणीत. कमरेचा घेर मोजायला २०१९-२१ ची पाचवी पाहणी उजाडली. विशेष म्हणजे या साऱ्या पाहण्यांची सूत्रे ज्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहेत, ती मुंबईतच देवनारला आहे. जे मोजले जात नाही, ते धोरणात येत नाही. पुण्याच्या रुग्णांचे सुटलेले पोट डॉक्टरांना दिसल्यानंतर साधारण तीन दशकांनी ते राष्ट्रीय तक्त्यात आले.

२१/
घेर मोजल्यावर काय दिसले? पाचव्या पाहणीच्या आधारे केलेल्या विश्लेषणानुसार देशातील सुमारे ४० टक्के स्त्रियांमध्ये आणि १२ टक्के पुरुषांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आहे. दरम्यान २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकसंख्यांसाठी २३ च्या बीएमआयपासूनच सावध व्हावे, असे सुचवले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा ही मर्यादा मांडली. कुटुंब आरोग्य पाहणीचे मुख्य आकडे मात्र आजही २५ च्या रेषेवरच मोजतात. म्हणून आरंभीच्या पोस्टमधील २३.४ टक्के हा आकडाही तळाचा समजावा.

२२/
पुण्याच्या त्याच गावांतून २००८ साली आणखी एक निष्कर्ष आला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण जीवनसत्त्व बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी चरबी आणि इन्शुलिनला होणारा अवरोध अधिक आढळला. लोह-फॉलिक आम्लाची गोळी घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. ती आवश्यकच आहे. पण दूध-अंडे क्वचित मिळणाऱ्या शेतमजूर बाईची एक उणीव भरली आणि दुसरी तशीच राहिली. मरू न देणे आणि पोसणे यांतला फरक दीडशे वर्षांनंतर असा एका रक्ततपासणीत दिसतो.

२३/
बदल सुरू झाले आहेत. २०१० साली असंसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला. तिशी ओलांडलेल्यांच्या तपासणीसाठी आशाताई आता घरोघर जो अर्ज भरतात, त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहे. २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली. शिवडीच्या त्या डब्यापासून इथवर यायला नव्वद वर्षे लागली. आशाताईंच्या पिशवीतली मोजपट्टी ही साधी वस्तू आहे. पण ‘किती कमी आहे?’ एवढेच विचारणाऱ्या व्यवस्थेने ‘कुठे साठले आहे?’ असे विचारायला घेतले, याची ती खूण आहे.

२४/
शेवटी तो शब्द. १८७७ साली उपाशी माणसावर आळसाचा संशय होता, म्हणून त्याची मजुरी एक पौंडावर आणली गेली. आज लठ्ठ माणसावरही आळसाचाच आरोप होतो: खातो फार, हलत नाही, जिभेवर ताबा नाही. दोन्ही वेळा जे पीक, बाजार, मजुरी आणि आईच्या ताटाने ठरवले, त्याचा हिशेब एकट्या शरीराकडून मागितला गेला. व्यायाम आणि संयम यांचे महत्त्व आहेच. पण सुटलेल्या पोटाच्या त्या बारीक बाईला ‘कमी खा’ एवढेच सांगणारा सल्ला अपुरा आहे, कारण तिच्या आईला आणि आजीला कधी पुरेसे मिळालेच नव्हते. महाराष्ट्रातील लठ्ठपणावरचा सर्वांत जुना उपाय म्हणूनच गरोदर बाईचे भरलेले ताट हा आहे. कॉर्निशने मागितलेल्या दीड पौंड धान्यात डाळ आणि भाजीही होती, हे विसरून चालणार नाही.

#इतिहास #महाराष्ट्र #सार्वजनिकआरोग्य